असमकालिक आज्ञावली आणि समाजमाध्यमांची एपीआय : टॉर्नेडो लायब्ररीच्या संदर्भात एक चिकित्सक अभ्यास

गोषवारा

समाजमाध्यमांवरील मजकूर संशोधनासाठी गोळा करताना असमकालिक, म्हणजेच असिंक्रोनस पद्धतीच्या लायब्ररीचा वापर केला जातो आणि 'काम जलद होते' एवढ्या एकाच निकषावर त्या वापराचे समर्थन करण्यात येते. प्रस्तुत लेखात पायथॉन भाषेतील टॉर्नेडो या लायब्ररीचा आणि तिच्याद्वारे ट्विटरच्या एपीआयशी केल्या जाणाऱ्या व्यवहाराचा विचार केला आहे. ही पद्धत ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जन्माला आली, तो प्रश्न आणि संशोधकापुढील प्रश्न एक नव्हेत. संशोधकाच्या बाबतीत वेगाचा लाभ अत्यल्प असून सामग्रीतील उणिवा झाकल्या जाण्याचा धोका मात्र मोठा आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : असमकालिक आज्ञावली, एपीआय, विनंती-मर्यादा, टॉर्नेडो, ट्विटर, सामग्री संकलन.

१. प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या बाहेरही, म्हणजे समाजशास्त्र, राज्यशास्त्र, भाषाविज्ञान आणि ग्रंथालयशास्त्र या विषयांत समाजमाध्यमांवरील मजकूर हे अभ्यासाचे साधन बनले आहे. हा मजकूर हाताने उतरवून घेणे शक्य नसते. त्यासाठी समाजमाध्यमाने इतर आज्ञावल्यांसाठी उघडलेली अधिकृत खिडकी वापरावी लागते. तिलाच एपीआय म्हणतात. ठरलेल्या नमुन्यात विनंती पाठवायची आणि ठरलेल्या नमुन्यात उत्तर घ्यायचे, असा हा व्यवहार असतो.

आपल्या महाविद्यालयांतील प्रकल्प अहवालांतही हा विषय येतो. अशा अहवालांचे परीक्षण करताना प्रस्तुत लेखकास एक गोष्ट जाणवली. 'असमकालिक पद्धत वापरल्यामुळे वेळ वाचला' हे वाक्य आढळते. परंतु किती विनंत्या पाठविल्या, त्यांपैकी किती विनंत्यांना उत्तर आले आणि ज्यांना आले नाही त्यांचे काय केले, हा तपशील सहसा नसतो. साधनाची निवड आणि निष्कर्षाची विश्वासार्हता यांचा संबंध तपासला जात नाही, ही उणीव केवळ विद्यार्थ्यांची नाही. ती ज्या पद्धतीने आपण हा विषय शिकवितो, त्या पद्धतीची आहे.

२. उद्दिष्टे आणि अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

(अ) असमकालिक पद्धतीचे नेमके स्वरूप स्पष्ट करणे.
(आ) टॉर्नेडोच्या जडणघडणीच्या संदर्भात या पद्धतीचे मूळ प्रयोजन शोधणे.
(इ) विनंती-मर्यादा असलेल्या एपीआयच्या बाबतीत तिच्या उपयुक्ततेचे मूल्यमापन करणे.

यासाठी लायब्ररीची दस्तऐवजी माहिती व तिच्या आवृत्त्यांमधील बदल यांचे विश्लेषण, तसेच साधे गणित यांचा अवलंब केला आहे.

३. 'असमकालिक' या संज्ञेचा अर्थ

'असमकालिक' या शब्दाने वाचकाची दिशाभूल होण्याची शक्यता आहे. 'एकाच वेळी न घडणारे' असा त्याचा शब्दार्थ होतो. प्रत्यक्षात मात्र या पद्धतीत अनेक कामे एकाच कालावधीत चालू असतात. म्हणून संज्ञेपेक्षा व्यवहार पाहणे इष्ट होय.

तहसील कचेरीत तीन वेगवेगळ्या खिडक्यांवर तीन दाखल्यांसाठी अर्ज करावयाचे आहेत, असे समजू. एक मनुष्य पहिल्या खिडकीवर अर्ज देतो, दाखला हातात पडेपर्यंत तेथेच उभा राहतो आणि मग दुसऱ्या खिडकीकडे वळतो. दुसरा मनुष्य अर्ज देऊन टोकन घेतो व लगेच पुढच्या खिडकीकडे जातो. ज्या क्रमांकाचा पुकारा होईल तो दाखला घेतो. पहिली पद्धत समकालिक, तर दुसरी असमकालिक. येथे माणसे वाढलेली नाहीत. माणूस एकच आहे. फक्त त्याचा उभे राहण्याचा वेळ कामी लागला आहे.

टॉर्नेडोमध्ये या टोकनाला 'फ्यूचर' असे नाव आहे. पुकारा ऐकून ज्याचे त्याला काम वाटून देणारी यंत्रणा म्हणजे 'इव्हेंट लूप'. पायथॉनच्या ३.५ या आवृत्तीत (२०१५) आलेला 'अवेट' हा शब्द याच संदर्भात पाहावा. त्याचा अर्थ 'थांब' असा असला तरी आज्ञावलीत त्याचा आशय 'मी थांबतो, तोवर इतरांनी पुढे जावे' असा आहे. हा शब्द जेथे येतो तेथे एक काम आपली पाळी सोडते. पुढील विवेचनात या बारकाव्याचे महत्त्व स्पष्ट होईल.

४. टॉर्नेडोचे मूळ प्रयोजन

टॉर्नेडोचा जन्म एका समाजमाध्यमाच्याच घरात झाला. गूगलमधून बाहेर पडलेल्या काही अभियंत्यांनी २००७ मध्ये 'फ्रेंडफीड' ही सेवा सुरू केली. ट्विटर, फ्लिकर, यूट्यूब, ब्लॉग अशा निरनिराळ्या ठिकाणी आपल्या मित्रांनी काय लिहिले वा टाकले, हे एका जागी दाखविणे हे तिचे काम होते. ऑगस्ट २००९ मध्ये फेसबुकने फ्रेंडफीड विकत घेतले आणि त्यानंतर सप्टेंबरमध्ये तिच्या सर्व्हरचा गाभा 'टॉर्नेडो' या नावाने सर्वांसाठी खुला केला.

या सेवेपुढील अडचण समजून घेतली पाहिजे. हजारो वाचक एकाच वेळी जोडलेले असत. नवी नोंद येताच ती त्यांना दिसावी म्हणून प्रत्येकाची जोडणी उघडी ठेवावी लागे. प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र थ्रेड नेमला तर सर्व्हरची स्मृती केवळ वाट पाहणाऱ्यांवरच खर्च होणार, हे उघड होते. एका थ्रेडने हजारो टोकने सांभाळणे हा त्यावरील योग्य उपाय होता. टॉर्नेडोच्या प्रारंभीच्या दस्तऐवजात असमकालिक विनंतीचे उदाहरण म्हणून फ्रेंडफीडच्याच एपीआयकडून नोंदी मागविणारी आज्ञावली दिलेली होती, ही गोष्ट सूचक आहे.

ट्विटरसाठी टॉर्नेडोने 'ट्विटरमिक्सिन' नावाचा वर्ग पुरविला. वाचकाला ट्विटरच्या पानावर पाठवून त्याची संमती घेणे आणि त्या संमतीच्या आधारे त्याच्या वतीने विनंती करणे, असे त्याचे काम. प्रत्येक वाचकाची संमती वेगळी, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याची विनंती-मर्यादाही वेगळी. वाचक जितके अधिक, तितकी एकूण मर्यादा अधिक. अशा परिस्थितीत असमकालिक पद्धत पूर्णतः समर्थनीय ठरते.

संशोधकाची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. त्याच्याकडे वाचक नाहीत. संमतिपत्र एकच आहे, मर्यादाही एकच. अनेकांची सेवा करण्यासाठी घडविलेले साधन तो एकट्याच्या मागणीसाठी वापरतो.

५. पूर्वपक्ष : वेगाचा दावा

असमकालिक पद्धतीच्या समर्थकांचे म्हणणे असे की, जाळ्यावरून उत्तर येण्यात जो वेळ जातो त्यात संगणक रिकामा बसतो; तो वेळ वापरला तर संकलन अनेक पटींनी जलद होते. हे म्हणणे चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. ते आकड्यांनी तपासून पाहू.

ट्विटरच्या एपीआयच्या १.१ या आवृत्तीत शोधासाठी एका वापरकर्त्याच्या संमतीवर दर १५ मिनिटांना १८० विनंत्यांची मुभा होती आणि एका विनंतीत जास्तीत जास्त १०० ट्वीट मिळत. एका विनंतीला सरासरी अर्धा सेकंद लागतो, असे गृहीत धरू. समकालिक पद्धतीने १८० विनंत्या ९० सेकंदांत संपतील. असमकालिक पद्धतीने एका वेळी दहा विनंत्या पाठविल्यास त्या ९ सेकंदांत संपतील. वेग दहापट झाला. परंतु पुढे काय? दोन्ही आज्ञावल्यांना पंधरा मिनिटे पूर्ण होईपर्यंत खिडकी बंदच.

आता ३,६०० विनंत्यांचे, म्हणजे अशा २० खेपांचे काम घेऊ. पहिल्या १९ खेपांसाठी दोन्ही पद्धतींत ४ तास ४५ मिनिटे जाणारच. शेवटच्या खेपेत एकीला ९० सेकंद, तर दुसरीला ९ सेकंद. पावणेपाच तासांच्या कामात बचत झाली ती अवघ्या ८१ सेकंदांची. ज्याला 'दहापट वेग' म्हटले, त्याचे एकूण कामातील स्थान इतके नगण्य आहे. टोकन घेतल्याने माणसाचे पाय मोकळे होतात. कचेरीचे कामकाजाचे तास वाढत नाहीत.

याशिवाय आणखी एक मर्यादा आहे. एकाच शोधाचे पुढचे पान मागताना मागच्या पानावरील सर्वांत जुन्या ट्वीटचा क्रमांक द्यावा लागे. मागील उत्तर आल्याखेरीज पुढील विनंती तयारच होत नसे. अशा साखळीत असमकालिकतेला वावच उरत नाही. अनेक स्वतंत्र शोध असतील तरच तिचा उपयोग.

६. उत्तरपक्ष : उणिवांचे स्वरूप

लाभ अल्प असला तरी हानी नसेल तर आक्षेप घेण्याचे कारण नाही. परंतु हानी आहे आणि ती अधिक गंभीर आहे. तीन मुद्द्यांत तिचा विचार करता येईल.

पहिला मुद्दा घराबाहेर न पडलेल्या विनंत्यांचा. टॉर्नेडोचा असमकालिक एचटीटीपी क्लायंट मूळ मांडणीत एका वेळी दहाच विनंत्या पाठवितो. उरलेल्या रांगेत ठेवतो. रांगेतील विनंतीची पाळी २० सेकंदांत आली नाही तर ती रद्द होते आणि ५९९ या क्रमांकाची त्रुटी मिळते. नवशिक्या विद्यार्थ्याने एका दमात हजार विनंत्या सोडल्या आणि उत्तरे संथ असली, तर त्यांपैकी बऱ्याच विनंत्या त्याच्याच संगणकात संपुष्टात येतात. 'ट्विटरने उत्तर दिले नाही' असा निष्कर्ष तो काढतो; वास्तविक ट्विटरला प्रश्न विचारलाच गेलेला नसतो.

दुसरा मुद्दा शिल्लक मोजण्याचा. उत्तरासोबत 'या कालावधीत किती विनंत्या शिल्लक आहेत' ही माहिती एपीआय देत असते. एका कामाने शिल्लक १ पाहिली, विनंती पाठविली आणि 'अवेट' म्हणून पाळी सोडली. दुसऱ्या कामानेही तीच जुनी १ ही शिल्लक पाहिली व आपली विनंती पाठविली. दोघांपैकी एकाच्या पदरी ४२९ ही नकाराची त्रुटी येते. शिल्लक पाहणे आणि ती आपल्या नावे राखून ठेवणे यांच्या मध्ये पाळी सुटता कामा नये, ही शिस्त असमकालिक आज्ञावलीत जाणीवपूर्वक पाळावी लागते.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा असून तो उणिवेच्या वाटणीशी संबंधित आहे. महाराष्ट्रातील ३६ जिल्ह्यांच्या नावांनी शोध घ्यायचा आणि प्रत्येक जिल्ह्याची सहा पाने मागवायची, असे एक काल्पनिक काम घेऊ. एकूण विनंत्या २१६ होतात. मर्यादा १८० ची. मर्यादा संपल्यावर थांबण्याची व्यवस्था लेखनात राहून गेली, असेही समजू.

समकालिक आज्ञावली जिल्हे अकारविल्हे घेईल. अकोल्यापासून वर्ध्यापर्यंतच्या ३० जिल्ह्यांची सर्व पाने येतील आणि वाशिम, सांगली, सातारा, सिंधुदुर्ग, सोलापूर व हिंगोली यांच्यासमोर शून्य दिसेल. चूक मोठी आहे. परंतु ती डोळ्यांत भरते. सोलापूरविषयी एकही ट्वीट नाही, हे पाहून कोणताही अभ्यासक थबकेल.

असमकालिक आज्ञावलीत छत्तीसही शोध एकत्र पुढे सरकतील. ज्याचे उत्तर आधी आले तो पुढे, ज्याचे उशिरा आले तो मागे. मर्यादा संपेल तेव्हा काही जिल्ह्यांची सहा पाने आलेली असतील, काहींची पाच, तर काहींची चारच. प्रत्येक जिल्ह्यासमोर आकडा दिसेल. रिकामी जागा कोठेच नसेल. शोधाचे उत्तर नव्याकडून जुन्याकडे येत असल्याने गळालेली पाने जुन्या ट्वीटची असतील, म्हणजे अलीकडच्या काळाचे वजन नकळत वाढेल. शिवाय तीच आज्ञावली पुन्हा चालविली तर पाने वेगळ्या जिल्ह्यांची गळतील, कारण उत्तरांचा क्रम जाळ्याच्या गतीवर अवलंबून असतो. जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करणारा कोणताही निष्कर्ष अशा सामग्रीवर उभा राहू शकत नाही.

यात भर पडते ती त्रुटी गिळण्याच्या सवयीची. टॉर्नेडो ५.० या आवृत्तीपासून (२०१८) पायथॉनच्या स्वतःच्या 'असिंकआयओ' या व्यवस्थेवर चालते. तेथील 'गॅदर' या सोयीला सांगितल्यास त्रुटीदेखील उत्तरांच्याच यादीत येऊन बसतात. त्या वेगळ्या काढून नोंदविणे हे लेखकाचे कर्तव्य असते. परंतु 'उत्तर नसेल तर वगळा' ही एक ओळ लिहिली की कार्यक्रम सुरळीत चालतो, आणि सुरळीत चालणारा कार्यक्रम परीक्षकालाही आवडतो.

७. लायब्ररीचे आयुष्य आणि एपीआयचे आयुष्य

असमकालिक लायब्ररी आणि तिच्याद्वारे गाठली जाणारी एपीआय यांच्या इतिहासाची तुलना उद्बोधक आहे. टॉर्नेडोची लेखनशैली गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलली. प्रारंभी 'उत्तर आल्यावर अमुक फलन चालवा' अशी कॉलबॅकची पद्धत होती. पुढे जनरेटरवर आधारित शैली, त्यानंतर २०१३ च्या ३.० आवृत्तीत फ्यूचर व पुढे 'असिंक' व 'अवेट' ही भाषेतील रूपे आली. ६.० या आवृत्तीत (२०१९) क्लायंटची कॉलबॅक पद्धत वगळण्यात आली. परंतु त्याची पूर्वसूचना ५.१ मध्ये देण्यात आली होती. बदल झाले, पण ते वाचकाला विश्वासात घेऊन झाले.

ट्विटरची एपीआय २००६ मध्ये खुली झाली. ऑगस्ट २०१० अखेर साध्या नाव-संकेतशब्दाची पद्धत बंद झाली, जून २०१३ मध्ये पहिली आवृत्ती निवृत्त झाली. जानेवारी २०२१ मध्ये अभ्यासकांसाठी महिन्याला एक कोटी ट्वीटपर्यंतची विनामूल्य सोय सुरू झाली; त्यामुळे संशोधकांच्या आशा पल्लवित झाल्या. २ फेब्रुवारी २०२३ रोजी मात्र विनामूल्य प्रवेश अवघ्या एका आठवड्यात बंद होईल असे जाहीर झाले. ती मुदत नंतर वाढली, तरी निर्णय कायम राहिला. त्याच वर्षी जुलैमध्ये सेवेचे नावही 'एक्स' झाले. टॉर्नेडोच्या ६.३ या आवृत्तीत (२०२३) ट्विटरमिक्सिन हा वर्ग कालबाह्य घोषित करण्यात आला. ट्विटरने एपीआयचा प्रवेश आकुंचित केल्यामुळे हा वर्ग यापुढे अद्ययावत होणार नाही, असे कारण दस्तऐवजात दिले आहे.

फ्रेंडफीड तर एप्रिल २०१५ मध्येच बंद झाले आणि त्याच्यासाठीचा वर्ग टॉर्नेडोतून गेला. जिच्यासाठी साधन घडविले ती सेवा संपली. साधन मात्र टिकले आणि ज्युपिटर नोटबुकसारख्या, संशोधकांच्या रोजच्या वापरातील प्रणालीच्या पोटात आजही काम करीत आहे. यावरून एक गोष्ट दिसून येते. प्रतीक्षा कशी करावी हे आज्ञावलीकाराच्या हाती असते. प्रतीक्षेअंती खिडकी उघडेल की नाही, हे नसते. आपले अभ्यासक्रम पहिल्या गोष्टीवर भर देतात आणि दुसरीविषयी मौन बाळगतात.

८. काय करता येईल ?

असमकालिक पद्धत टाकून द्यावी, असा या विवेचनाचा अर्थ नाही. उघडी जोडणी ठेवून येणारा प्रवाह टिपणे, अनेक सर्व्हरांना एकाच वेळी विचारणे, अनेक वापरकर्त्यांची सेवा करणे, या कामांत ती आवश्यकच आहे. मॅस्टोडॉनचे उदाहरण घेता येईल. ही सेवा एका कंपनीच्या एका सर्व्हरवर नसून स्वतंत्र सर्व्हरांच्या समूहावर चालते. तिच्या एपीआयची मूळ मर्यादा पाच मिनिटांत ३०० विनंत्या, म्हणजे सरासरी सेकंदाला एक, अशी आहे. एकाच सर्व्हरकडून सामग्री घ्यायची असेल तर विनंत्यांमध्ये एक सेकंदाचे अंतर ठेवणारी साधी समकालिक आज्ञावली पुरेशी ठरते. वीस सर्व्हरांकडून घ्यायची असेल तर मर्यादा वीस ठिकाणी स्वतंत्र असतात आणि तेथे असमकालिकता खऱ्या अर्थाने कामी येते. अर्थात, प्रत्येक सर्व्हरचे स्वतःचे नियम असतात व त्यांचे पालन करणे हे अभ्यासकावर बंधनकारक आहे.

म्हणजेच साधनाची निवड 'किती स्वतंत्र खिडक्या आहेत' या प्रश्नावर ठरावी; 'कोणते साधन आधुनिक आहे' यावर नव्हे.

९. निष्कर्ष

(१) असमकालिक पद्धत प्रतीक्षेचा वेळ उपयोगात आणते. एपीआयने घातलेली मर्यादा ती ओलांडू शकत नाही.
(२) टॉर्नेडोचे मूळ प्रयोजन अनेकांची एकाच वेळी सेवा हे होते. एका संमतिपत्रावर सामग्री गोळा करणाऱ्या संशोधकाला तिचा वेगविषयक लाभ नाममात्र मिळतो.
(३) असमकालिक संकलनात गळती विखुरली जाते, म्हणून दिसत नाही. आणि ती दरवेळी वेगळी असते, म्हणून पडताळता येत नाही.
(४) प्रकल्प अहवालात किती विनंत्या ठरविल्या, किती पाठविल्या, किती सफल झाल्या व कोणत्या कारणाने किती फसल्या, हे चार आकडे दिनांकासह देणे अनिवार्य करावे. फसलेल्या विनंत्यांची यादी सामग्रीसोबतच जपून ठेवावी.

शेवटचा मुद्दा अमलात आणण्यासाठी नव्या यंत्राची किंवा निधीची गरज नाही. मूल्यमापनाच्या तक्त्यात एक रकाना वाढविला तरी पुरे. संकलन किती मिनिटांत झाले याला गुण देण्याऐवजी काय मिळाले नाही हे ज्याने प्रामाणिकपणे नोंदविले त्याला गुण दिले, तर समाजमाध्यमांवरील आपल्याकडील संशोधन अधिक विश्वासार्ह होईल, असे वाटते.